एक जानेवारी, शून्य वाजून काही मिनिटं

लिएपायाच्या वाचनालयाच्या तळघरात दर बुधवारी
आम्ही सातजण, चार कॉम्प्युटर, एक किटली.
मी शिकवतो म्हणायचं. म्हणजे
इतरांपेक्षा दोन वर्षं आधी चुकायला लागलो, एवढंच.

पहिल्या दिवशी सांगायचं ते ठरलेलं :
क्षितिज तिरकं आलं की समुद्र सांडतो.
चेहऱ्यात आधी डोळा धारदार हवा, नाक मागाहून.
भर दुपारचं ऊन डोळ्यांच्या खोबणीत काजळी भरतं,
जूनमध्ये रात्री नऊनंतर या, उजेड आपणहून कलतो.
आणि प्रत्येक फोटोच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत.
एगिल्सकडे एकच होती.
त्याची मुलगी थेट चार वर्षांचीच जन्मली, असं आम्ही म्हणतो;
तो हसत नाही.

आउस्मा ऑक्टोबरात आली.
मासे डबाबंद करायच्या कारखान्यात एकतीस वर्षं झाकणं मोजलेली,
बोटं माउसवरही मोजतच असायची.
पिशवीत नवऱ्याचा कॅमेरा, बॅटरीच्या दाराला चिकटपट्टी,
आणि कार्डात चार हजार दोनशे फोटो.
एक ना धड, भाराभर चिंध्या,
अशा अर्थाचं काहीतरी ती पुटपुटली.

फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर आहे,
ते फोटो तारखेप्रमाणे लावून देतं :
वर्षाचा कप्पा, त्यात महिन्याचा, त्यात दिवसाचा.
बटण दाबलं. चहा ओतून परत आलो,
तर कप्पा एकच.
एक जानेवारी दोन हजार नऊ.

बॅटरी काढली की त्या कॅमेऱ्याचं घड्याळ मरायचं
आणि घातली की जन्मायचं पुन्हा त्याच मध्यरात्री.
तारीख विचारणाऱ्या चौकटीला
तालिवाल्डिस दर वेळी ‘नंतर’ म्हणून पुढे जायचा.
अकरा वर्षं.

तर त्या एका दिवसात
तीन मिनिटांनी बर्फ पडला, चौथ्या मिनिटाला स्ट्रॉबेरी पिकल्या.
नातीचा पहिला दात आला आणि लगेच पडलाही.
ट्रामखाली गेलेलं कुत्रं
पुढच्याच फोटोत पायरीवर ऊन खात पडलेलं.
आउस्माच्या आईला वीस मिनिटांनी पुरलं,
बाविसाव्या मिनिटाला ती बटाटे सोलत होती,
सालं नेहमीसारखीच जाड.

मी घाईने म्हणालो, हे दुरुस्त होतं.
फाइलचा क्रमांक ओळीने चढतो, तो घड्याळाचं ऐकत नाही.
एका फोटोची खरी तारीख कळली
की पुढचा सगळा घोळका तेवढाच सरकवता येतो.

मग ती दर बुधवारी पुरावे आणू लागली :
औषधांची बिलं, पगाराचे कागद,
नातीच्या शाळेचं दाखल्याचं पत्र.
कागद संपले तेव्हा पडद्यांच्या रंगावरून,
कुंपणाच्या कितव्या फळीपर्यंत बर्फ आलाय त्यावरून,
आणि तालिवाल्डिसच्या मिशीवरून.
मिशी आरशातल्या फोटोंतच दिसायची,
तिथेही अर्धी कॅमेऱ्यामागे.
मार्च उजाडेपर्यंत वर्षं आपापल्या कप्प्यात बसली.
आई पुरलेली राहिली.

उरला शेवटचा फोटो.
दारात आउस्मा, हातात पिशवी, तोंड उघडं,
‘अंधारात कसले फोटो काढतोस’ म्हणतानाचं.
हललेला, दाणेदार, दाराची चौकट तिरकी,
मी शिकवतो त्या सगळ्याच्या विरुद्ध.
तरी हात गेलाच माझा, दाणे पुसायच्या पट्टीकडे.
तिने मनगट धरलं. मासे पकडायची पकड.

चौकट उघडली : तारीख घाला.
ती तारीख तिला कागदावाचून पाठ होती,
आम्हालाही माहीत होती, आम्ही तिथे गेलो होतो
काळे कोट घालून, दुसऱ्या आठवड्यात.
तिची बोटं पहिल्यांदाच मोजायची थांबली.

‘नंतर’वर टिचकी मारून
तिने मला विचारलं,
दुसरी प्रत बहिणीकडे पिठाच्या डब्यात ठेवली तर चालेल का,
तिथे ओल नसते.