नमुना क्रमांक एकोणीस

पहाटे तीनला मजल्यावर यंत्र तेवढं जागं.
खाली टे नदी, तिच्यावर पूल,
त्यावर एकही दिवा हलत नाही.
मी मोजत बसले आहे
उपाशी ठेवलेल्या पेशींत
काय किती उरलं ते.

निम्म्या पेशींना जड लायसीन भरवलं होतं,
निम्म्यांना हलकं.
मग दोन्ही एकत्र कालवून विचारायचं :
हिचं किती, तिचं किती.
आकडा इथे एकटा येत नाही,
दुसऱ्याच्या मानानेच येतो.
मॉर्व्हेन माझ्याबरोबरच लागली होती.
तिची आता स्वतःची लॅब आहे.
माझा करार जूनपर्यंत.

शितावरून भात, तसं
आठ-दहा अमिनो आम्लांच्या तुकड्यावरून
अख्खं प्रथिन ओळखायचं.
काल रात्री चार हजार नावं आली,
आणि एकोणिसाव्या नमुन्यात
मेंढी.

ग्रेगर हसला. "केराटिन. लोकर.
ऑस्ला, तो स्वेटर घालून नमुने नको भरूस."

स्वेटर इंगाआत्याचा.
शेटलंडच्या घरात, पीटच्या धगीपाशी बसून
ओठ न हलवता टाके मोजायची ती.
बोट बुडाल्याचा निरोप घेऊन आलेल्या माणसालाही
तिने बोट वर करून थांबवलं होतं,
ओळ पुरी होईपर्यंत.
मग सुया खाली ठेवल्या
आणि म्हणाली, सांग.

फेब्रुवारीत ती गेली तेव्हा
वादळाने फेरी बंद होती तीन दिवस.
माझ्या तक्त्यात अशा जागा रिकाम्या असतात.
रिकामी म्हणजे शून्य नव्हे,
आपल्याला दिसलं नाही, एवढंच.
तिथे एक लहानसा, शोभेलसा आकडा
भरायची पद्धत आहे.
मी भरते. सगळेच भरतात.

डुकराचं ट्रिप्सिन, वासराचं सीरम,
माझी स्वतःची कातडी, आत्याची मेंढी :
सगळ्यांपुढे अधिकचं चिन्ह,
म्हणजे वजा करा.
केलं.
स्वेटर दाराबाहेर खुंटीला.

मूळ फाइल मात्र कुणी पुसत नाही.
ती पुन्हा उघडली.
एक्केचाळिसाव्या मिनिटाला
एक बारीक, सरळ सुळका,
सुईसारखा.

"काही सापडलं?" ग्रेगरने दारातून विचारलं,
हातात दोन कप.

मी बोट वर केलं.