गाळाच्या आधी

सारंगखेड्याला, बॅरेजची दारं बंद असताना,
तापी चालत नाही, बसून राहते.
आम्ही काठावर पाइपांना भोकं पाडतोय.
भोकं नसली तर चौकट तरंगते
आणि तरंगत्या चौकटीत
काही सापडत नाही.

दोन मीटर गुणिले दोन मीटर.
एवढीच नदी मागितली होती अर्जात.
सव्वा वर्ष लागलं मिळायला.

वाळू भरायला नंदुरबारहून पोती आणली, मिरचीची.
तीनदा धुतली, उलटी करून उन्हात घातली,
तरी रमजान तडवी शिंकतोच.
मुखवट्याच्या आत, तळाशी, शिंक आली तर काय करायचं
हे शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं.
आज तेही शिकून झालं.

खाली स्वतःचं मनगट दिसणार नाही.
म्हणून आठवडाभर ओंकार गुजरांच्या विहिरीत
डोळ्यांवर फडकं बांधून उतरलो,
तळाशी ठेवलेलं बोटांनी वाचलं:
पाटा, अर्धं कवेलू, पंपाची जुनी पुली.
मी पाट्याला पायरी म्हटलं.
वंदना मॅडमनी चूक खोडली नाही,
तारीख घालून वहीत तशीच ठेवली.

झिपरू भोई डोंग्यात बसून हे सगळं बघतो.
जाळं कुठे अडकतं, त्याच्या खांद्याला पाठ.
आमच्या नकाशावरच्या अकरा खुणांपैकी
सात त्याच्या फाटलेल्या जाळ्याच्या.
"तठे काय शे?" मी माझ्या मोडक्या अहिराणीत.
"दगड शे."
बिडी विझेपर्यंत गप्प. मग,
"घडेल शे."

त्याच्या भाषेत घडवलेला.
माझ्या भाषेत, होईल कधीतरी.
दोन्ही अर्थ घेऊन मी तंबूत आलो,
पेन्सिली तासल्या, एकेकीला सुतळी बांधली.
हातून सुटली की पेन्सिल वर निघून जाते,
आणि वर लिहिण्यासारखं काही नाही,
असं मला दुपारपर्यंत वाटत होतं.

झिपरूनं दहा दिवसांसाठी जाळी काढून घेतलीत.
त्या दहा दिवसांचा मासा
अर्जात कुठल्याच रकान्यात नव्हता.

प्लास्टिकचा पहिला कोरा कागद घेतला, जो उद्या खाली न्यायचा,
आणि त्याच्यावर आधी तेच लिहिलं,
झिपरू भोई, जाळी सहा, दिवस दहा.
पेन्सिलीचं पाण्यात पुसत नाही म्हणतात.

बाहेर दोरीवर पोती.
अजून ओलीच.