चालू-बंद

गुरुवारी साडेपाचला आमचा कार्यक्रम लागतो.
सेलूत, जिन्याखालच्या खोलीत,
भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात.
पंखा बंद ठेवावा लागतो,
माइक आधी त्याचं ऐकतो, मग माझं.
पन्नास वॅटचा आवाज,
दुधना ओलांडली की बाभळीत अडकतो
असं दगडू सोनकांबळे म्हणतो.

दगडू आमचा तज्ज्ञ. बसस्टँडासमोर टपरी.
आयुष्यभर लोकांच्या वस्तू उघडल्या,
स्वतःचा फोन अजून बटनांचा.
विचारलं तर म्हणतो,
"हलवाई कुठं जिलेबी खातो?"

त्या दिवशी आधी मिक्सरचं झालं.
मग एक रिटायर गुरुजी,
कानातलं मशीन शिट्टी कामून मारतंय.
मग एकाला विचारायचं होतं
जुना मोबाइल घेताना पहिलं काय बघावं.
"विकणाऱ्याचं तोंड," दगडू म्हणाला.
मी हसले, ते तसंच हवेत गेलं.

मग गयाबाई घुगे. वालूर रस्ता, किराणा दुकान.
"मावशी, आधी तुमचा रेडिओ बारीक करा,
तुमचाच आवाज तुमच्याकडं परत येतोय."
केला.

"ती पैशाची बोलती डब्बी बिघडलीया माझी.
दुकान मी नवाला बंद करते,
अन् रोज रातच्याला अकराला ती आपली आपण बोलती,
एक रुपया मिळाला.
रोज. एकच.
कुत्रं भुंकतंय तिच्यावर.
कंपनीला सांगून बंद करा तिला."

"डब्बी बिघडली तर मुकी होती, मावशी,
खोटं नाही बोलत. कुणीतरी धाडतंय."

"रुपया? कामून?"

"नाव असतंय. फोन कानाचा काढा, आत बघा."

खुडबुड. कुणीतरी बारकं पोरगं मधेच,
चहापत्तीचा पुडा द्या.

"विंग्रजीत हाय. मला नाही येत."

"आकार सांगा."

"पहिलं इळ्यावानी.
दुसरं शिडी, एकाच पायरीची.
मग उपणायची तिवई, मधी पट्टी ठोकलेली.
मग..."

दगडू सोल्डरच्या खोक्यावर आकार उतरवत होता.
त्याचा पेन थांबला, कारण ती थांबली.

रेडिओत शांतता म्हणजे बिघाड.
सात सेकंदांनी वरचा दिवा लाल होतो.
मला शिकवलंय, गाणं लाव.
बोट बटनावर होतं.
दगडूनं माझं मनगट धरलं.

दिवा लाल झाला.
पंचवीस-तीस गावांत कुणी डबा हलवला असेल,
कुणी सेल काढून दातानं दाबला असेल.
पोरगं म्हणत होतं, ओ मावशी, पुडा.

"अकराला सुट्टी व्हत आसंल त्याची,"
ती म्हणाली. आम्हाला नाही.
"चाकणला आसतंय. तीन दिवाळ्या झाल्या..."
ते तिनं तिथंच ठेवलं.
मी बरेच प्रश्न विचारते, तो माझा धंदा आहे.
त्या वेळी एकही विचारला नाही.

"मंग नका सांगू कंपनीला.
आवाज वाढवायचा कसा, तेवढं सांगा."

"उजव्या अंगाला अधिकची खूण आहे. दाबून धरायची,"
दगडू म्हणाला, आणि घसा खाकरला,
जो तो कधी माइकवर खाकरत नाही.

"आन् इकडून एक रुपया तिकडं धाडला तर?
तिथं बोलंल का?"

"तिथं डब्बी नसती, मावशी.
फोन खिशात नुसता थरथरंल."

"थरथरू द्या," ती म्हणाली,
मग त्या पोराला, "दहाचा का पाचचा?"
आणि फोन कट.

पुढचा फोन इन्व्हर्टरचा होता.
पाणी कोणतं घालावं, नळाचं का विकतचं.
दगडूनं दोनदा सांगितलं.
पहिल्यांदा चुकीचं.