शुद्धिपत्र

मेडिकलच्या ग्रंथालयात, तळघराच्या पायरीपाशी,
जिथे कूलरची हवा पोचत नाही,
तिथे एक त्रैमासिक उभं आहे: चौसष्ट खंड,
पाठी लाल रेक्झिनच्या, तेविसावा तेवढा हिरवा,
त्या साली बाजारात लाल मिळालं नाही.

मी एकतीस वर्षं त्याची धूळ पुसते.
वाचलं म्हणाल तर निम्मंही नाही.

सुरुवात इतवारीतल्या पायाने चालवायच्या मशीनवर.
डॉ. खानझोडे सकाळी वॉर्डात, दुपारी दुकानोदुकानी,
मलपृष्ठाला टॉनिकची जाहिरात मिळावी म्हणून.
पहिल्या अंकात बत्तीस पानं,
त्यांत एका पेशीचं चित्र, हाताने काढलेलं:
गोल असायची ती वाकून विळ्यासारखी झालेली.
खाली नुसतं प्रश्नचिन्ह.

अंक संत्र्यांच्या पेट्यांतून स्टेशनवर जात.
मद्रासच्या एका प्राध्यापकांचं पत्र अजून आहे:
आपल्या नियतकालिकाला वास येतो,
कृपया तो बंद करू नये.

पुढील वर्षी निधी मिळेल अशी आशा आहे.
हे वाक्य चौदा संपादकीयांत आहे.
शालिक गजभिये त्याचे खिळे मोडतच नसे,
सुतळीने बांधून फळीवर ठेवी.

शालिकला इंग्रजी येत नव्हतं. अक्षरं येत होती,
तीही उलटी.
आणि एक शब्द: 'डेड'.
तक्त्यांत तो इतका लागे
की घरातले 'डी' नेहमी कमी पडत.

एकोणिसावा खंड, दुसरा अंक, मे महिना.
रुग्ण क्रमांक सतरा, एम. यू., वय अकरा,
पाटणसावंगी. डेड.
शालिकने मशीनवरचा पाय उचलला.
"साहेब, हा तं जित्ता आहे.
आत्ताच चाय देऊन गेला."

मंगल उईके.
खाटेवरून रात्री उठून, कुणाला न सांगता,
दुखऱ्या गुडघ्यांनी चालत मामाकडे गेला होता.
सकाळी खाट रिकामी.
वहीत कुणीतरी एक शब्द भरला.

पण सहाशे प्रती छापून झाल्या होत्या.
कागदाचा कोटा संपलेला.
डॉक्टर म्हणे बराच वेळ चष्मा पुसत बसले,
मग बोटभर चिठ्ठी लिहून दिली:
क्रमांक सतरा जिवंत आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.

त्या चिठ्ठ्या मंगलनेच चिकटवल्या.
सहाशे.
"काय लिहिलं आहे यात, काका?"
"तुयं नाव नाही बे त्यात. पण तूच होय."

तो बाइंडिंगलाच राहिला पुढे.
एकोणीस ते बेचाळीस, सगळे खंड त्याच्या हातचे.
थंडीत त्याची बोटं सुजत, दाभण धरवत नसे;
जानेवारीत बांधलेल्यांची शिवण सैल आहे,
डोळे मिटून हात फिरवला तरी सांगता येतं.
मी नवी होते तेव्हा म्हणाला होता,
मॅडम, एकोणीस जरा जपून उघडा, त्यात मी आहे.

चौतिसाव्या वर्षी गेला. पौषातली थंडी,
रक्ताची बाटली मिळाली, पोचली नाही.
त्या वर्षीच्या अंकात एकशे बारा पानं आहेत,
नव्या औषधाची चाचणी, आलेख, आभार.
तो तेव्हा कुठल्याच अभ्यासात नव्हता,
त्यामुळे दुसरं शुद्धिपत्र निघालं नाही.

गेल्या उन्हाळ्यात स्कॅनिंगची पोरं आली.
एकजण म्हणाला, ही चिठ्ठी काढू का,
खालची ओळ झाकते.
मी म्हटलं, दोनदा घे.
एकदा उचलून, एकदा टाकून.

शेजारच्या खंडांना कसर लागली आहे.
ती चिठ्ठी तशीच.
मंगल खळीत मोरचूद जरा जास्तच घालायचा.