इतिवृत्त

बैठकीला सात जण होते. मला धरून आठ,
पण इतिवृत्तात लिहिणारीचं नाव येत नाही.

टेबलावर तीन बोटी, कागदाच्या.
अमेरिकेची ऐसपैस, जवळजवळ फुकट.
इंग्रजांची जुनी, युद्धात मुरलेली.
कमांडर स्याव्लांडनी पट्टी लावून पाहिली,
"ही आपल्या फ्योर्डात वळायची कशी?"
नाकापेक्षा मोती जड.
तिसऱ्या आराखड्याच्या कोपऱ्यात जर्मन अक्षरं होती,
ती कुणी मोठ्यानं वाचली नाहीत.

मी लिहून घेतलं:
लहान हवी. मुकी हवी.
खडकाच्या कुशीत दिवसभर पडून राहील अशी.
श्वास घ्यायला क्वचितच वर येणारी.
माणसं वीसेक पुरेत.
(आपण आहोतच किती, कुणीतरी पुटपुटलं.
हे लिहिलं नाही.)

एस्पेलांड तीन वर्षं
शत्रूनं टाकून दिलेल्या बोटी चालवत होता.
म्हणाला, झडपा जिथे हात जातो तिथेच आहेत.
दिवे गेले, पाणी शिरलं, तरी
घाबरलेल्या बोटांना सापडतात.
मग स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला.

खिडकीतून, पाण्यापलीकडे, लाक्सेवोगचा बंकर दिसत होता.
जर्मनांनी बांधलेला, पाणबुड्यांसाठी.
इंग्रजी विमानं आली तेव्हा
त्याला नुसतं खरचटलं.
बाँब गल्ल्यांत पडले.
शाळेवर पडले.
आमची सिग्ने चौथीत होती.

एक कागद बंकर बांधणाऱ्यांचा,
एक बाँब टाकणाऱ्यांचा.
निवड करायची ती यातूनच.

अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत?
रेडिएटर दोनदा ठकठकला.
मी पेन्सिलीला टोक काढत होते,
टोक आलं तरी काढतच राहिले.
मग लिहिलं:
हरकत नाही. एकमताने मंजूर.

बोट यायला कितीतरी वर्षं गेली.
धक्क्यावर बँड होता, गारठा होता,
शाळांना सुट्टी दिली होती.
पोरं झेंडे हलवत ओरडत होती, आणि
ती काळी, बुटकी, कसलाही आवाज न करता
आत सरकली.
एस्पेलांडनं टोपी काढली. कुणासाठी, विचारलं नाही.

आई आली नव्हती.
ती बटाटे सोलत बसली होती.
पूर्ण बटाट्याची एकच साल निघायला हवी,
ही तिची जुनी पैज, स्वतःशीच.
"कशी आहे गं?"
मी बूट काढत म्हटलं,
लहान आहे. अगदी गप्प असते.

साल तुटली.