बॅटरीचं पाणी

सेलूच्या बोअरचं पाणी निगेटिव्हला चालत नाही.
क्षार. वाळलं की पांढरे ठिपके राहतात,
कुणाच्या कपाळावर, कुणाच्या बुबुळात मोतीबिंदूसारखे.
म्हणून मी ट्रॅक्टरच्या दुकानातून बॅटरीचं पाणी आणते,
पाच लिटरचा कॅन. दुकानदार दर वेळी विचारतो,
"बाई, गाडी कोणती तुमची?"

गाडी नाही. चाँद फोटो स्टुडिओ आहे.
पुढं झेरॉक्स, मागं पडदा, पडद्यामागं
बशारतभाईंचे बिस्किटांचे डबे, एकोणतीस.
झाकण काढलं की आधी नाक पुढं करायचं:
नासलेल्या लोणच्याचा वास आला तर समजायचं,
फिल्म स्वतःला खायला लागलीय.
तो डबा वेगळा ठेवायचा. शेजारच्याला लागतो हा रोग.

परवा वालूरच्या प्रयागबाई आल्या.
"बहात्तरला खडी फोडताना
माझ्या मायचा फोटू निघला म्हणं.
मी पोटात होते."

अठराव्या डब्यात पाकीट होतं. पेन्सिलनं, वालूर रोड.
आत दोन पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या.
ओढायच्या नाहीत. ओढलं की तोंडाची साल निघते.
बशीत बॅटरीचं पाणी, बशीखाली ओलं गोणपाट,
कारण मे महिना, आणि पाणी कोमट झालं
तर जिलेटीन साबुदाण्यासारखं फुगतं.
दोन तास. मधे तीन आधार कार्डांची झेरॉक्स.
मग सुटल्या आपोआप,
भांडून दमलेल्या जावांसारख्या.

खिडकीपुढं धरलं.
अकरा बाया. तोंडं पांढरी,
आणि मागचं आभाळ काळंभोर भरून आलेलं,
निगेटिव्हमधे तरी.
सगळ्यावर पिवळे डाग.

हे डाग बुरशीचे नव्हेत, मला ठाऊक होतं.
बशारतभाई सांगायचे,
"हायपो धुवायला अर्धा तास वाहतं पानी पाहिजे, बेटा,
अन् त्या साली घरात एक घागर.
दोन तांबे मी फिल्मला दिले.
बायको बोलली नाही काही. नुसती बघत राहिली.
त्या दोन तांब्यांचा हिसाब द्यायचाय मला वर."

मी पाच लिटर ओतलं, चार वेळा बदलून.
अकराजणींना मिळून त्या दिवशी
एवढं मिळालं असेल का, कोण जाणे.
आणि हे तर पिण्याचंही नव्हे.
डाग फिकटले, गेले नाहीत.
जालीम औषधाची बाटली फळीवर आहे. तिथंच राहू दिली.

वाळल्यावर मात्र चौथीच्या गालावर ओरखडा दिसला,
लांब, काचेच्या तुकड्यासारखा.
धुण्याआधी नव्हता. म्हणजे होता,
पण भाईंनी बुजवलेला.
नाकपुडीच्या खाचेवरून बोट फिरवायचे
आणि तेवढंसं तेल हलकेच रेघेवर.
"फुकटचं वार्निश," म्हणायचे. गिऱ्हाईक बघत असलं
तर पाठ करून.
पन्नास वर्षं त्यांच्या नाकाचं तेल
एका अनोळखी बाईच्या गालावर होतं,
ते मी शुद्ध पाण्यानं धुऊन टाकलं.

दार लावून घेतलं.
माझ्या नाकावर घाम जास्त, तेल कमी.
तरी दोनदा फिरवल्यावर रेघ बसली.

प्रयागबाईंनी प्रिंट उन्हात नेऊन पाहिला.
माय त्यांना आठवत नव्हती, त्या पोट शोधत होत्या.
अकराहीजणींनी टोपल्या पोटाशी धरलेल्या.
बराच वेळ गेला. बसचा हॉर्न वाजला.
"रंगीत होईल का?"
नाही म्हणाले.
"मग अशाच द्या. सगळ्याच माझ्या."

निगेटिव्ह पुन्हा प्लॅस्टिकमधे घालत नाही मी,
घाम सुटतो त्याला आत. कागदी पाकीट, कोरं,
तेही पेनानं लिहायचं नाही, शाई उतरते.
पेन्सिलला टोक केलं:
वालूर रोड. बाया अकरा, एक पोटात.
परत धुऊ नये.