उघाडी

गोठिवलीच्या खाली खार होती तेव्हा
बांधाला एक उघाडी होती. सागवानी फळी, वर दोरखंड.
ओहोटीला उचलायची, भरतीला सोडायची.
काम जोमाकाकाचं.
त्याच्याकडे घड्याळ नव्हतं, तिथी होती:
अष्टमीला भांग, पुनवेला उधाण.

एका पुनवेला तो हळदीला गेला आणि तिथंच झोपला.
खारं पाणी केण्यांच्या भातात शिरलं.
रात्री अख्खं गाव त्याच्या अंगणात,
कंदील, शिव्या, एकाच्या हातात कोयता.
काका उघड्या अंगाने बाहेर आला, म्हणाला,
"चुकलो. पानी माज्यामुलं आत आयलाय."
एवढंच.
सकाळी बांधावर सगळ्यात आधी तोच, पाठीवर चिखल.

आता खार नाही.
तिथे बिनखिडक्यांची इमारत आहे
आणि तिच्यात मी रात्रपाळीला पाणी थंड ठेवतो.
चार चिलर, सहा पंप, तासातासाला रजिस्टरवर आकडा.
आत काय चालतं मला माहीत नाही.
गरम होतं, एवढं माहीत आहे.
भिंतीपलीकडे सतत काहीतरी गरम होत असतं.

चंद्रहास माझा मोठा भाऊ, वरच्या मजल्यावर राहतो.
मागल्या वर्षी एका रात्री त्याचा पोरगा घरी आला नाही
आणि कुठल्याशा चौकातल्या मारामारीचा व्हिडिओ
त्याने शेवटपर्यंत पाहिला, पुन्हा पाहिला,
तो निळा शर्ट आपल्या पोराचा तर नाही ना, म्हणून.
नव्हता. पोरगा ऐरोलीला मॅच बघत बसला होता.
पण अंगठा थांबला होता.
चाळीस सेकंद.
पोर काळजीनं जागं आहे की भुकेनं,
आईला अंधारात कळायचं.
फोनला नाही कळलं. त्याने ताट वाढलं.
मग रोज वाढलं.

चंद्रहासची दाढी आता छातीशी आलीय.
कुणी विचारलं तर स्टाईल म्हणतो.
अठरा वर्षं रबाळे नाक्यावर
रियाजच्या वस्तऱ्याखाली मान दिली, डोळे मिटून.
आता तो फुटपाथ टाळतो.
रियाजने काय केलं? रियाजने नाही रे, म्हणतो.
मग कुणी?
तर फोन पुढे करतो.

मी त्याला वेडा समजत होतो.

परवा लाईट गेली. इन्व्हर्टरवर एकच प्लग चालू,
दोघांचे फोन शेजारी, दोघांचं कव्हर काळं,
पिनही एकच, घराचा नंबर.
घाईत मी त्याचा उचलला, त्याने माझा.
त्याच्या फोनमध्ये एक नाका होता,
आपलाच वाटावा असा, आणि तो रोज पेटत होता.
पाच मिनिटांत माझा घसा सुकला.

तो जिन्यात बसून माझा बघत होता.
सातबारा, वाटणी, सख्ख्या भावाने कसं फसवलं,
कोऱ्या कागदावर सही का करू नये, सांगणारा वकील.
एकदाच पाहिलं होतं मी, बापाच्या बाराव्याला.
एकदाच.
"तुला खरंच वाटतं," तो म्हणाला, "मी तुझा वाटा खाईन?"
मी हो म्हणालो नाही.
नाही म्हणायलाही वेळ लागला.
तेवढा वेळ कुणीतरी मोजला असेल.

कंदील घेऊन जायचं तर आता कुणाच्या अंगणात?
इमारतीला अंगण नाही. गेटवर एक वॉचमन आहे,
त्याचा पगार दोन महिने थकलाय,
फळी कुठे, दोर कुणाच्या हातात, त्याला काय विचारणार.
पंप तीन. आकडा सात. सही.

सकाळी घरी आलो तर चंद्रहास खाली बाईक पुसत होता.
साडेसातला रियाज शटर वर करतो.
आठ वाजले, सव्वाआठ झाले.
बाईक केव्हाच लख्ख झाली होती,
तो पुसतच होता.